भांडेवाडीचं पाणी कोराडीला, मग नाग नदीला काय?

मागच्या श्रावणात आमच्या गल्लीतला चेंबर भरला. आमची गल्ली नागपुरात नंदनवनच्या मागच्या अंगाला, नाग नदीपासून चालत पाच मिनिटं. आधी झाकणाच्या कडेनं थोडंथोडं पाणी झिरपत होतं, मग एका रात्री जोराचा पाऊस आला अन् सकाळी पाहतो तर झाकणच बाजूला सरकलेलं आणि काळं पाणी थेट शेजारच्या काकूंच्या तुळशीपर्यंत. तक्रार केली जिथं करायची तिथं, मोबाईलवर नंबरही आला तक्रारीचा, तीन दिवस काही नाही, तोवर कोणीतरी उघड्या चेंबरमध्ये बेशरमाची एक लांब फांदी खोचून ठेवली, कारण गाडीवाल्याला दुरून दिसलं पाहिजे ना. चौथ्या दिवशी दोन जण आले, एकाकडे बांबूच्या कमच्या, मागून जेटिंगची गाडी. अर्धा तास खटपट केल्यावर जे बाहेर निघालं ते मी पाहिलं आहे म्हणून सांगतो: झेंडूचे हार, लहान मुलाचं डायपर, खर्र्याच्या पन्न्यांचा गोळा, आणि साबणासारखा घट्ट झालेला तेलाचा एक पांढरा थर, तो काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्यातला जो वयानं मोठा होता तो म्हणाला, "भाऊ, चोक काढून देतो, पण दोन पावसात पुन्हा भरन. तुमच्या सगळ्यायच्या स्लॅबवरचं पाणी याच्यातच येऊन राहिलं न. ही लाइन संडास-बाथरूमची आहे, पावसाची नाही."

मी वर पाहिलं. आमच्या घराचा पाइपही तिथंच उतरला होता.

हा किस्सा एवढ्यासाठी सांगितला की गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, म्हटलं की आपल्या डोक्यात तेवढंच असतं. घरातलं घाण पाणी घराबाहेर गेलं, संपलं. ते कुठं गेलं, कोणी घेतलं, त्याचं पुढं काय झालं हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही. आणि गंमत म्हणजे ज्या यंत्रणेकडे हे काम आहे तिनंही कित्येक वर्षं आपलं काम एवढंच मानलं: घाण डोळ्याआड करा, वास येऊ देऊ नका, तक्रार आली तर गाडी पाठवा. माझं म्हणणं असं आहे की हे काम आता तेवढं राहिलेलं नाही. सांडपाण्याची यंत्रणा ही शहराची सगळ्यात मोठी पर्यावरणाची यंत्रणा झाली आहे, आपल्याला आणि बहुतेक तिलाही कळायच्या आत. नदीत पाणी राहील की नाही, त्यात मासा जगेल की नाही, खालच्या गावानं काय प्यायचं, हे वन खात्याच्या नाही तर भांडेवाडीच्या, म्हणजे शहराचं सांडपाणी जिथं शुद्ध होतं त्या प्लांटच्या, हातात आहे. आणि नागपुरात हे जरा जास्तच खरं आहे.

कारण नागपूरनं या बाबतीत खरोखर एक मोठं काम केलंय, ते आधी कबूल करून टाकतो, नाहीतर म्हणाल की याला सगळीकडे वाईटच दिसतं. आपलं सांडपाणी आपण विकतो. कोराडीच्या वीज केंद्राला पाणी लागतं, पूर्वी ते सगळं पेंचचं, म्हणजे ज्या धरणातून आपण पितो त्याच धरणाचं जायचं. मग मनपा अन् महाजेनको या राज्याच्या वीज कंपनीमध्ये करार झाला, भांडेवाडीला १३० एमएलडीचा प्लांट झाला, म्हणजे दिवसाला तेरा कोटी लिटर, आणि ते शुद्ध केलेलं पाणी पाइपलाइननं कोराडीला जायला लागलं. त्यानंतर खाजगी भागीदारीतून २०० एमएलडीचा दुसरा. दोन्ही मिळून तेहेतीस कोटी लिटरची क्षमता. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजचे तेहेतीस हजार टँकर! गडकरी साहेब देशभरातल्या भाषणांत सांगतात की आम्ही नागपूरचं संडासाचं पाणी विकतो, लोक हसतात, टाळ्या वाजवतात, पण त्यात हसण्यासारखं काही नाही, ते खरंच आहे आणि बरोबरही आहे. केंद्राच्या २०१६ च्या विजेच्या टॅरिफ पॉलिसीत असं आलं की एसटीपीपासून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटपासून, ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरायचं, तर आपला करार त्याच्याही बराच आधीचा.

या कराराचा उपयोग किती, हे ज्यांना २०१९ चा जुलै आठवतो त्यांना सांगायला नको. पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं होतं, वर छिंदवाड्याकडे चौराईचं धरण झाल्यानं पेंचमध्ये येणारं पाणी तसंही कमी झालेलं, पाऊस लांबला, आणि ज्या शहरात चोवीस तास पाण्याच्या गप्पा चालल्या होत्या तिथं एक दिवसाआड नळ यायला लागला. घरोघरी टिल्लू पंप सुरू, ज्याचा पंप मोठा त्याला पाणी. त्या वर्षी कोराडीनंही सगळं पेंचचंच ओढलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

तर हे झालं कौतुक. आता पुढचं.

विकलेल्या पाण्याचं होतं काय? वीज केंद्रात ते मुख्यतः कूलिंग टॉवरमध्ये जातं. कोराडी रोडवरून जाताना त्या मोठ्या डमरूसारख्या टॉवरमधून पांढरा धूर निघताना दिसतो ना, तो धूर नाही, वाफ आहे. ते आपलंच पाणी आहे, माझ्या-तुमच्या बाथरूमचं, आणि ते आभाळात चाललंय. औष्णिक केंद्रांनी किती पाणी वापरायचं याचा डिसेंबर २०१५ चा केंद्राचा नियम आहे, जुन्या टॉवरवाल्या केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत. म्हणजे दीड टनाचा एसी तासभर चालला तर चार-पाच लिटर पाणी वर गेलं समजा, तेही तुमच्या घरात एक थेंब न सांडता. मी काही एसी बंद करा म्हणत नाही, मे महिन्यात नागपुरात असं म्हणणाऱ्याला लोक मारतील. मुद्दा वेगळाच आहे. नदीत सोडलेलं पाणी खाली कोणाला तरी मिळतं, जमिनीत मुरतं, पुन्हा वापरता येतं. टॉवरमधून उडालेलं पाणी या खोऱ्याच्या हिशोबातून त्या दिवसापुरतं तरी गेलं.

आणि नाग नदीचा हिशोब हा असा आहे: पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तिच्यात स्वतःचं पाणी जवळपास नसतंच. जिच्यावरून शहराला नाव पडलं असं आपण अभिमानानं सांगतो ती नदी शहरातून साधारण सतरा किलोमीटर वाहते, आणि उन्हाळ्यात त्या सतरा किलोमीटरमध्ये जे वाहतं ते सांडपाणी. अंबाझरी तलावाचा सांडवा कोरडा, वरून काही येत नाही. मग नदी म्हणजे काय उरली? नदी म्हणजे जे आपण तिच्यात सोडू ते. शहराला साडेसहाशे एमएलडीच्या आसपास पाणी पुरवलं जातं, त्याच्या ८० टक्के सांडपाणी होतं असं इंजिनियर लोक धरतात, म्हणजे पाचशेच्या वर. मोठ्या दोन्ही प्लांटची क्षमता ३३०. मधल्या दीड-दोनशे एमएलडीचं काय होतं ते पंचशील चौकाच्या पुलावर किंवा जगनाडे चौकात नाक उघडं ठेवून दोन मिनिटं उभं राहा, कळेल.

म्हणजे बघा आता कसं झालंय. जे पाणी आपण पकडलं, मेहनत करून, वीज जाळून शुद्ध केलं, ते विकलं आणि पाइपातून नेलं. जे पकडलंच नाही ते नदीला दिलं. पोरगं चांगलं शिकलं की पुण्याला जातं आणि गावात कोण उरतं, तसं. नदीच्या वाट्याला नेमकं तेच पाणी येतं ज्यावर कोणी काहीच केलेलं नाही, आणि त्यात मिसळून त्याला पातळ करायला जे थोडं बरं पाणी असायला पाहिजे होतं ते कोराडीला गेलेलं. यात कोणी पाप केलं असं मी म्हणत नाही, करार करताना पेंच वाचवायचं होतं, ते वाचलं. पण करारात नदी नावाचा पक्षच नव्हता. तिच्या बाजूनं सही करायला कोणी नव्हतं.

आणि तिच्या खाली माणसं आहेत. पारडी ओलांडून भांडेवाडीच्या पुढं गेलं की दोन्ही काठांना हिरवीगार वाडी दिसते, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगी. नदीत मोटर टाकलेली असते. शेतकऱ्याला विचारलं तर तो सरळ सांगतो, पाणी घाण आहे हे मलाही दिसतं, पण बारा महिने आहे आणि युरिया कमी लागतो. तोच भाजीपाला आपल्या बाजारात येतो, आणि आपण तो नळाच्या पाण्यानं दोनदा धुतो. पुढं ही नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा गोसेखुर्दला अडते. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते ज्या धरणाचं भूमिपूजन झालं, पूर्व विदर्भाच्या शेतीचं ज्याच्यावर इतकं स्वप्न, त्याच्या पाण्यात नागपूरचं गडर साठून राहिलंय. आधी नदी वाहती होती तेव्हा घाण पुढं जायची, आता बॅकवॉटर भंडाऱ्यापर्यंत पसरलं अन् पाणी थांबलं. भंडाऱ्याचे लोक वैनगंगेचं पाणी पितात, ते वर्षानुवर्षं ओरडून राहिले की नागपूरची घाण आम्ही काऊन प्यायची, आणि याचं चांगलं उत्तर माझ्याकडे तरी नाही. आपल्याकडे भंडाऱ्याची ओळख तलावांचा जिल्हा, तांदूळ, पितळेची भांडी. त्यांच्याकडे आपली ओळख काय असेल?

आता मी मोठ्या भूमिकेबद्दल बोलतो तेव्हा नेमकं काय म्हणतो ते सांगतो, कारण हे जगात कुठं कुठं चालू आहे आणि त्यातलं काही आपल्याला जमण्यासारखं आहे, काही नाही.

सांडपाणी शुद्ध करायची जी मुख्य पद्धत आहे ती १९१४ ची, मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मांडलेली. तत्त्व एकदम साधं: पाण्यात हवा फुंका, जंतू वाढवा, जंतूंनाच घाण खाऊ द्या, मग जंतूंचा गाळ खाली बसवा. आजचे बहुतेक प्लांट कमी-जास्त फरकानं हेच करतात. यात दोन गोष्टी महाग. एक म्हणजे हवा, प्लांटच्या वीजबिलातला निम्म्याच्या आसपासचा वाटा ब्लोअर खातात. दुसरा गाळ, रोज तयार होणारा, वासाचा, आणि कोणाला नको असलेला. पूर्वी गाळ म्हणजे डोकेदुखी होती. आता डेन्मार्कला, ऑस्ट्रियाला असे प्लांट आहेत जे हा गाळ बंद टाकीत कुजवून गॅस काढतात अन् स्वतःला लागते त्यापेक्षा जास्त वीज बनवतात. लांब कशाला, सुरतेत सांडपाण्याच्या गॅसवर वीज कधीच बनवून झाली. भांडेवाडीला बाजूलाच डम्पिंग यार्ड आहे, शहरभराचं शिळं अन्न तिथंच येऊन पडतं, ओला कचरा आणि गाळ एकत्र कुजवला तर गॅस जास्त निघतो ही काही नवी गोष्ट नाही. दोन घाणी एकमेकींच्या शेजारी पडल्या आहेत आणि दोन वेगळ्या टेंडरमध्ये आहेत, म्हणून त्यांची गाठभेट होत नाही, एवढंच.

खताचं तर आणखी सोपं आहे. त्या पारडीच्या शेतकऱ्याला युरिया कमी का लागतो? कारण आपल्या लघवीत नायट्रोजन आहे, फॉस्फरस आहे. चेंबरमध्ये खोचलेल्या त्या बेशरमाच्या फांदीला आठ दिवसांत पालवी फुटली होती, ती आम्ही काढली नाही, गल्लीतली पोरं तिला बगीचा म्हणतात. इकडे काटोल-नरखेडचा संत्रेवाला डीएपीच्या पोत्यासाठी कृषी केंद्रासमोर रांग लावतो, देशाला लागणाऱ्या फॉस्फेटचा बहुतेक कच्चा माल बाहेरून येतो, आणि इथं तोच फॉस्फरस आपण नदीत सोडून जलपर्णी वाढवतो, मग जलपर्णी काढायचं वेगळं टेंडर. जर्मनीनं २०१७ मध्ये नियमच केला की मोठ्या शहरांच्या प्लांटनी २०२९ पासून गाळातून फॉस्फरस परत काढायचा. अमेरिकेत मिलवॉकी शहर तर १९२६ पासून गाळाचं खत गोण्यांत भरून विकतंय. आपल्याला लगेच जर्मनी व्हायचं नाहीये. पण गाळात कोणते जड धातू आहेत हे नियमित तपासून, जो चांगला आहे तो शेतकऱ्याला द्यायचा, एवढं तर जमेल? कारखान्याचं पाणी घरगुती गडरमध्ये शिरू दिलं नाही तर जमेल, ही मात्र अट आहे, अन् अडतं तिथंच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती औषधांची. धंतोली-रामदासपेठ म्हणजे अख्ख्या मध्य भारताचा दवाखाना, छिंदवाडा-बैतुल-बालाघाटपासून पेशंट येतात. जी औषधं माणूस घेतो त्यातली बरीचशी तशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडतात, अँटिबायोटिकसुद्धा, आणि आपले प्लांट ती काढण्यासाठी बांधलेलेच नाहीत. ते सेंद्रिय घाण काढतात, म्हणजे ज्याला बीओडी म्हणतात ते. ही काही त्या प्लांटची चूक नाही, बांधताना कोणी त्यांना हे काम सांगितलंच नव्हतं. युरोपनं २०२४ मध्ये सांडपाण्याचा कायदा बदलला त्यात एक मस्त गोष्ट केली: हे औषधांचे अंश काढायला जो जादा टप्पा लागेल त्याच्या खर्चातला किमान ८० टक्के भार औषध अन् कॉस्मेटिकच्या कंपन्यांवर टाकला. कंपन्या अर्थातच कोर्टात पळाल्या. पण विचार पाहा किती सरळ आहे, ज्याच्या धंद्यामुळे पाण्यात काहीतरी जातं त्यानं ते काढायचे पैसे द्यायचे. आपल्याकडे हा खर्च कोण देतं? कोणीच नाही. म्हणून ते काढलंच जात नाही.

आणि रोगांची खबर. मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जातो, कोणी पेशंट सापडायच्या आधी गटार सांगतं की विषाणू आला. कोविडमध्ये जगभर हेच केलं. नागपूरसारख्या शहरात, जिथं दर ऑगस्ट-सप्टेंबरला कावीळ अन् गॅस्ट्रोच्या बातम्या येतात, तिथं पाच-सात मोठ्या लाइनवर आठवड्याला नमुना घेणं हे काही चंद्रावर जाणं नाही. तीही सोय घरात आहे, वर्धा रोडवर. नीरी ही संस्था १९५८ पासून इथं आहे, तेव्हा नाव वेगळं होतं, १९७४ मध्ये नीरी झालं. देशभरातल्या शहरांना सांडपाण्याचं कसं करायचं ते शिकवणारी संस्था, झाडांच्या मुळांतून पाणी शुद्ध करायची फायटोरिड ही पद्धत तिचीच, आणि ती ज्या शहरात आहे त्या शहराच्या नदीची ही दशा. यावर नागपुरात इतके विनोद झाले आहेत की मी आणखी करत नाही.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. आमच्या ओळखीचे एक काका पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले, त्यांना मी हे सगळं ऐकवलं तर ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या गल्लीचा चोक काढायला चार दिवस लागले ना? त्या यंत्रणेला तू आता वीज बनवायला सांगतो, खत बनवायला सांगतो, रोग शोधायला सांगतो. आधी तिला लाइन साफ करू दे बाबा." काकांचं खरं आहे. जी माणसं आहेत ती पुरत नाहीत, जी लाइन आहे ती जुनी, कुठून कुठं जाते याचे नकाशे अर्धे कागदावर अन् अर्धे रिटायर झालेल्या माणसांच्या डोक्यात. अन् २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी असूनही देशात दरवर्षी माणसं गटारात गुदमरून मरतात, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं भरपाई ३० लाख केली तेव्हा चार दिवस बातम्या आल्या. अशा यंत्रणेवर अजून ओझं टाकणं म्हणजे लंगड्या बैलावर उसाची गाडी.

पण मी काकांना जे म्हटलं तेच इथं म्हणतो. हे ओझं वेगळं नाहीये. आमच्या चेंबरचंच घ्या. त्यात तेलाचा थर होता कारण कोण्या हॉटेलवाल्यानं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप लावला नाही. तेच तेल वेगळं गोळा झालं असतं तर गॅसच्या टाकीत उपयोगी पडलं असतं. त्यात पावसाचं पाणी होतं कारण आम्ही सगळ्यांनी स्लॅबचे पाइप तिथं सोडले. तेच पाणी पुढं प्लांटमध्ये जाऊन घाण पातळ करतं, जंतूंना खायला पुरत नाही, प्लांटची क्षमता फुकट जाते, आणि जास्तीचं पाणी बिनाशुद्ध केलेलं नदीत सोडावं लागतं. चोक काढणं, नदी वाचवणं आणि वीज बनवणं ही तीन खाती नाहीत, एकाच लाइनची तीन टोकं आहेत. आजवर आपण फक्त एका टोकाला कमची घालत आलो, म्हणून दोन पावसांत पुन्हा भरतं.

आणि पूर आठवतो ना? २३ सप्टेंबर २०२३. रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, मोरभवन बसस्थानकाच्या बस पाण्यात, माणसं गेली. त्या दिवशी घरात जे पाणी शिरलं ते नुसतं पावसाचं नव्हतं, ते गडरचंही होतं, ज्यांनी नंतर भिंती धुतल्या त्यांना विचारा. पण पुराचा अभ्यास वेगळा, गडरचा डीपीआर म्हणजे प्रकल्प अहवाल वेगळा, नदी सौंदर्यीकरणाचा वेगळा. सौंदर्यीकरण या शब्दाचीच मला भीती वाटते. म्हणजे आता दोन्हीकडे टाइल्स, लाइटचे खांब, अन् मधून तेच काळं.

नाग नदीच्या प्रदूषण नियंत्रणाचा मोठा प्रकल्प मंजूर आहे, २०२१ मध्ये आकडा २,११७ कोटींचा होता, जपानच्या जायका या संस्थेचं कर्ज, नवे प्लांट, नव्या लाइन, जुन्यांची दुरुस्ती. तो व्हायलाच पाहिजे, उशीर झालाय. पण नुसती क्षमता वाढवून काय होतं त्याचा देशाचा आकडा पाहा: सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, २०२०-२१ च्या हिशोबात शहरांचं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी, प्लांट बसवलेले ३१,८४१ चे, आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारं २०,२३५. म्हणजे जे प्लांट बांधले, फिती कापल्या, त्यातलाही तिसरा हिस्सा पाण्याविना किंवा विजेविना किंवा देखभालीविना बसून. बांधायला कर्ज मिळतं, चालवायला मिळत नाही. घराघरातून लाइन जोडणं हे काम तर कोणालाच नको असतं, त्याचं उद्घाटन करता येत नाही ना.

म्हणून माझी मागणी थोडी वेगळी आहे. पहिली, पाणी विकून जे पैसे येतात त्याचं वेगळं खातं ठेवा, आणि ते फक्त गडर लाइनवर आणि नदीवर खर्च करा. आज ते मनपाच्या मोठ्या डबक्यात जातात, तिथून रस्त्यावर, पगारावर, कुठंही. दुसरी, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते: यापुढं जे काही पाणी विकायचे करार होतील त्यात नदीचा वाटा आधी काढून ठेवा, जसं शेतात पिकलं की आधी बी बाजूला काढतात तसं. एप्रिल-मे-जूनमध्ये इतकं इतकं शुद्ध पाणी नदीत वरच्या बाजूला सोडायचं, मग उरलं ते विका. भांडेवाडी शहराच्या पूर्व टोकाला, म्हणजे तिथलं पाणी तिथंच सोडलं तर शहरातल्या नदीला उपयोग नाही, त्यासाठी वरच्या भागात छोटे छोटे प्लांट लागतील, लागू द्या, पाणी चढवायला पंप लावण्यापेक्षा जिथं तयार होतं तिथंच शुद्ध करणं स्वस्त पडेल असं मला वाटतं. बागांना, कॉलेजच्या मैदानांना, बांधकामांना तेच पाणी द्या. मे महिन्यात पेंचचं पिण्याचं पाणी बांधकामाच्या स्लॅबवर ओतताना पाहिलं की जीव तुटतो. आणि लाखो घरांतले कूलर ते पितात ते वेगळंच, तिथं मात्र हे पाणी चालणार नाही, कूलरमध्ये सांडपाणी घाला असं मी म्हणत नाहीये, उगाच अर्थ काढू नका.

यावर वीज केंद्रवाले म्हणतील, आम्हाला करारात ठरलेलं पाणी पाहिजे, नदीला दिलं तर आम्ही पुन्हा पेंचकडे हात पसरू. हा पेच खराच आहे, अन् म्हणूनच तो टेबलावर यायला पाहिजे, पेंच विरुद्ध नाग असा. आज तो परस्पर सुटतो, नदी गप्प असते म्हणून. जे दीड-दोनशे एमएलडी आज पकडलंच जात नाही ते पकडलं तर दोघांचंही भागेल, पण मग पुन्हा त्याच गोष्टीवर येतो, घराघरातून लाइन जोडणं.

तिसरी मागणी सोपी. प्लांटच्या गेटवरचा बीओडी सांगू नका, तो चांगलाच असतो. नदी शहर सोडते तिथला सांगा, दर आठवड्याला, आणि जगनाडे चौकात त्याचा एक मोठा बोर्ड लावा, जसा प्रदूषणाचा डिजिटल बोर्ड लावतात तसा. एनजीटीनं, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादानं, २०१९ मध्ये एसटीपीच्या पाण्यासाठी बीओडी १० पर्यंत आणायला सांगितलं, मग नदी त्याच्या किती पट आहे ते लोकांना रोज येता-जाता दिसू द्या. सांडपाण्याच्या अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल त्या एका आकड्यावर लिहा. किती किलोमीटर लाइन टाकली त्याच्यावर नको. अन् तोच आकडा भंडाऱ्यालाही पाठवा, त्यांचा हक्क आहे. २०२२ च्या मार्चपासून कितीतरी काळ आपल्याकडे नगरसेवकच नव्हते, प्रशासकाला कोण विचारणार, हे कारण तेव्हा होतं. मत मागायला जो येतो त्याला आपण नाली अन् रस्ता सोडून काही विचारत नाही, त्यात थोडी आपलीही चूक.

राहिला आमच्या गल्लीचा विषय. स्लॅबचा पाइप चेंबरमधून काढून अंगणात बोअरच्या बाजूला खड्डा करून सोडायला प्लंबरनं साडेसहा हजार घेतले, त्यात विटा अन् गिट्टी आली. आम्ही केलं, काकूंनी केलं. बाकी नऊ घरांना मी प्रत्येकाला जाऊन सांगितलं, चहा प्यालो, सगळ्यांनी मान डोलावली. दिवाळीनंतर पाहू म्हणाले. मग दिवाळी गेली, आता म्हणतात उन्हाळ्यात करू, पावसाळ्याच्या आधी. एक जण म्हणाला, "पहिले तुमचं पाहू न भाऊ, दोन पावसात कसं राहते ते."